हलत्या चित्राची तालीम

(रेडिओवरील भाषणाचे संपादित रूप)

शिंप्याकडे आपण कोट शिवायला टाकला, तर तो एकदम पक्की शिलाई मारत नाही. आधी दोऱ्याचे कच्चे टाके घालतो, आपल्याला बोलावतो, कोट अंगावर चढवून बघतो. कुठे ओढतंय, कुठे झोळ पडतोय, ते खडूने खूण करून ठेवतो आणि मगच मशीनवर बसतो. नाटकवाल्यांची रंगीत तालीम असते. छापखान्यात प्रूफ निघतं. आम्ही कवी मंडळीही नवी कविता थेट मुशायऱ्यात किंवा संमेलनात वाचत नाही. आधी ती एखाद्या जाणकार मित्राला ऐकवतो आणि कोणत्या ओळीला त्याच्या कपाळावर आठी पडते ते बघतो. पक्कं करण्याआधी कच्चं पाहून घ्यायचं, ही माणसाची जुनी खोड आहे आणि चांगली खोड आहे.

आज मला बोलायचं आहे ते अशाच एका कच्च्या शिलाईबद्दल. ती आहे संगणकावर तयार होणाऱ्या हलत्या चित्रांची.

माझा एक भाचा वास्तुविशारदाच्या कार्यालयात काम करतो. जी इमारत अजून जमिनीवर उभी नाही, ती तो पडद्यावर उभी करतो. आपण फाटकातून आत शिरतो, बागेला वळसा घालतो, जिना चढतो, गच्चीवरून गाव बघतो. या धंद्यात त्याला 'वॉक-थ्रू' म्हणतात. त्याच्या शेजारी बसून पाहिलं की या कामाचे दोन भाग स्पष्ट दिसतात. आधी तो कॅमेऱ्याचा रस्ता आखतो. पहिल्या सेकंदाला कॅमेरा फाटकाशी, दहाव्या सेकंदाला दाराशी, विसाव्याला जिन्यावर. खुणेच्या या चौकटींना 'की-फ्रेम' म्हणतात. मधल्या चौकटी संगणक भरतो. मग तो 'प्रीव्ह्यू'चं बटण दाबतो. पडद्यावर नुसत्या रेघांची किंवा राखाडी ठोकळ्यांची इमारत दिसते. सावल्या नाहीत, काचेत प्रतिबिंब नाही, झाडं म्हणजे कागदाचे पुठ्ठे. पण चाल कळते. कॅमेरा भिंतीतून आरपार गेला किंवा जिन्यावर उगाच धावत सुटला, तर ते तिथल्या तिथे समजतं. चाल मनासारखी झाली की मग दुसरा भाग, म्हणजे 'रेंडर'. यात ऊन, सावली, रंग, चकाकी यांचा हिशेब करून चौकट न् चौकट पक्की नोंदवली जाते.

हे पक्कं काम किती महाग पडतं ते बघा. टीव्हीच्या हिशेबाने सेकंदाला २५ चौकटी धरू. मिनिटाला झाल्या १५००. एका चौकटीला संगणकाने ४ मिनिटं घेतली, तर ६००० मिनिटं लागतील. म्हणजे १०० तास, चार दिवस आणि वर चार तास. तेही एका मिनिटाच्या चित्रासाठी! एवढं सगळं झाल्यावर कॅमेरा भिंतीतून गेल्याचं दिसलं, तर काय करणार? म्हणून आधीची तालीम.

संगणकावरच्या हलत्या चित्रांचा इतिहास सांगताना लोक बहुधा एकच गोष्ट सांगतात. चित्र किती खरं दिसू लागलं, केसांचा केस कसा हलतो, पाणी पाण्यासारखं कसं दिसतं. मला मात्र या इतिहासात वेगळाच धागा दिसतो. केलेलं काम डोळ्यांनी दिसेपर्यंत कलावंताला किती वाट पाहावी लागत होती, आणि ती वाट पाहणं कोणाला परवडत होतं? हा प्रश्न धरून मागे गेलं, तर सगळा इतिहास वेगळा दिसतो.

सुरुवात आपल्याच घरापासून करू. दादासाहेब फाळके १९१२ साली लंडनला जाऊन विल्यमसन कॅमेरा घेऊन आले. डोक्यात मोठा चित्रपट होता, खिशात पैसा नव्हता, आणि नुसत्या बोलण्यावर पैसा कोण देणार? मग त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि समोर कॅमेरा मांडला. महिन्याहून अधिक काळ ते त्या कुंडीचं एकेक चौकट चित्रण करत राहिले. पडद्यावर तो सगळा काळ मिनिटभरात उलगडला. दाणा फुटला, अंकुर वर आला, बघता बघता वेल झाली. 'अंकुराची वाढ' नावाची ही फिल्म त्यांनी निवडक मंडळींना दाखवली, आणि यशवंतराव नाडकर्णींसारख्यांनी कर्ज देण्याची तयारी दाखवली. १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' लोकांसमोर आला. भारतीय चित्रपटाला पहिलं भांडवल मिळवून दिलं, ते एका मिनिटभराच्या नमुन्याने. पुढे फाळक्यांनी 'आगकाड्यांची मौज' हा काड्यापेटीतल्या काड्या हलवून केलेला गमतीदार चित्रपटही काढला.

पण एक गोष्ट ध्यानात घ्या. नमुना इतरांना दाखवणाऱ्या फाळक्यांना स्वतःला मात्र आधी काहीच पाहायची सोय नव्हती. आज कोंब किती वाढला ते डोळ्यांना दिसे. ती वाढ पडद्यावर कशी दिसेल, हे फिल्म धुऊन चालवल्याशिवाय कळणार नव्हतं. महिना गेल्यावर चूक दिसली असती, तर पुन्हा नवा वाटाणा!

तिकडे अमेरिकेत विन्सर मकाय हा वर्तमानपत्रातला चित्रकार हाताने हजारो चित्रं काढून 'गर्टी' नावाची डायनॉसॉर हलवत होता. ही फिल्म १९१४ ची. त्याने आपल्यापुरता एक उपाय शोधला. काढलेली चित्रं ओळीने एका चक्राला लावायची आणि हातातल्या दांडीने ते चक्र फिरवून चाल तपासायची. शाळेत वहीच्या कोपऱ्यावर धावणारा माणूस काढून आपण पानं भराभर सोडायचो, तीच ही युक्ती. अशा वहीचं पेटंट इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या जॉन बार्न्स लिनेट याने १८६८ सालीच घेतलं होतं.

१९३० च्या दशकात वॉल्ट डिस्नेच्या स्टुडिओत या युक्तीची शिस्तबद्ध पद्धत झाली. शाई आणि रंग चढवण्याआधी नुसती पेन्सिलीची चित्रं स्वस्तात फिल्मवर उतरवायची आणि चालवून बघायची. तिला 'पेन्सिल टेस्ट' म्हणत. ही कच्ची फिल्म बघायची खोली इतकी कोंदट होती की तिचं नावच पडलं 'स्वेटबॉक्स', घामाची पेटी. घाम काही नुसत्या उकाड्याने येत नसे. शेजारी मालक बसलेला असे, आणि चित्रातली प्रत्येक चूक भिंतीवर हलत असे. डिस्नेचा त्या काळातला दर्जा नुसत्या हुशारीने आला नाही. चूक स्वस्तात बघता येत होती, म्हणून ती सुधारता येत होती.

त्याच स्टुडिओत काम केलेले क्लेअर वीक्स १९५६ साली मुंबईत आले. फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून विभागात त्यांनी आपल्या तरुणांना हे तंत्र शिकवलं. राम मोहन हे त्यांतलेच. १९५७ साली या विभागाने जातककथेवरचा 'द बनियन डिअर' तयार केला. आपल्याकडच्या एका अख्ख्या पिढीचा पाया त्या वर्गात घातला गेला.

आणि मग संगणक आला. यंत्र नवं, पण कलावंत मात्र पुन्हा फाळक्यांच्या कुंडीसमोर जाऊन बसला.

१९६३ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत एडवर्ड झॅजॅक यांनी पृथ्वीभोवती फिरणारा उपग्रह कसा डुलतो, याची एक छोटी फिल्म संगणकाकडून करवून घेतली. त्यात उपग्रह म्हणजे एक साधा रेघांचा ठोकळा. पण ती फिल्म तयार कशी होई? संगणक आकडे मोजणार, ते आकडे एका वेगळ्या यंत्राला दिले जाणार, त्या यंत्रातल्या छोट्या पडद्यावर रेघा उमटणार, समोरचा कॅमेरा त्यांचा एकेक फोटो घेणार, आणि फिल्म धुऊन आल्यावर माणसाला पहिल्यांदा कळणार की आपण काय केलं. नोंद आधी आणि पाहणं नंतर! तालीम नाहीच, थेट प्रयोग.

१९६९ साली या कोंडीला पहिली फट पडली. अमेरिकेतल्या एमआयटीचा विद्यार्थी रोनाल्ड बेकर याने 'जेनेसिस' नावाची व्यवस्था तयार केली. पेन घेऊन पाटीवर एखादी वाट रेखायची, पण ती नुसती रेघ नव्हे. हात कुठे रेंगाळला, कुठे झपकन गेला, तेही संगणक टिपून ठेवायचा आणि त्याच तालात चित्र हलवून लगेच दाखवायचा. नाही आवडलं, तर पुन्हा हात फिरवा. तबलजी बोल वाजवतो आणि तत्क्षणी ऐकतो, तसं चित्रकाराला आपल्या हाताचं काम तत्क्षणी पाहता आलं. मात्र त्यासाठी टीएक्स-२ नावाचा अवाढव्य संगणक लागत होता, आणि तो काही बाजारात मिळत नव्हता.

साधारण त्याच सुमारास कॅनडातले नेस्टर बर्टनिक एका सभेत डिस्नेच्या चित्रकाराचं बोलणं ऐकत होते. मोठा चित्रकार हालचालीची मुख्य चित्रं काढतो आणि मधली चित्रं त्याचे मदतनीस भरतात, हे त्यांनी ऐकलं. मधलं काम संगणक का करणार नाही, असं त्यांच्या मनात आलं. मार्सेली वाइन यांच्याबरोबर त्यांनी ते करून दाखवलं. त्यातून पीटर फोल्डेस यांची 'हंगर' ही फिल्म १९७४ साली झाली आणि ऑस्करच्या नामांकनापर्यंत गेली. भाच्याच्या पडद्यावरची 'की-फ्रेम' आली ती इथून. 'मदतनीस' हा शब्द ऐकताना मला थोडं थांबावंसं वाटतं. मधली चित्रं भरत भरतच तरुण चित्रकार हात घडवत असत. यंत्राने वेळ वाचवला आणि उमेदवारीची एक पायरीही काढून नेली.

पण पडदा मात्र अजून मागेच होता. १९७२ साली यूटा विद्यापीठात एड कॅटमल यांनी स्वतःच्या डाव्या हाताचा साचा घेतला, त्यावर सुमारे ३५० त्रिकोण आणि बहुकोन आखले आणि तो हात संगणकात उतरवला. त्या वेळच्या पडद्यावर पूर्ण चित्र एका वेळी उमटत नसे. म्हणून पडद्यासमोर कॅमेरा बराच वेळ उघडा ठेवून फोटो काढायचा आणि त्या फोटोत आपलं चित्र बघायचं. मनासारखं झालं की मग सिनेमाच्या कॅमेऱ्याने पडद्यावरून एकेक चौकट टिपायची. हेच कॅटमल पुढे पिक्सारच्या संस्थापकांपैकी एक झाले.

वाट पाहण्याचं सगळ्यात बोलकं उदाहरण १९८२ च्या 'ट्रॉन' चित्रपटाचं आहे. डिस्नेच्या चित्रकारांना संगणकासाठी चित्रं काढायची नव्हती, आकडे लिहायचे होते. एका वस्तूची जागा सांगायला तीन आकडे आणि तिचा कल सांगायला तीन. एका चौकटीला सहा आकडे. सेकंदाला २४ चौकटी धरल्या, तर चार सेकंदांना ९६ चौकटी आणि ५७६ आकडे. हे आकडे कॅलिफोर्नियातून न्यूयॉर्कजवळच्या 'मॅगी' कंपनीकडे जात. तिथे फिल्म तयार होई, ती पार्सलने परत येई, चुका निघत, पुन्हा पार्सल. असा टेबल टेनिसचा खेळ देशाच्या दोन टोकांमध्ये चाले. मग कंपनीने दोन्ही ठिकाणचे संगणक जोडले आणि पक्कं करण्याआधी दृश्य डिस्नेच्या पडद्यावर दिसू लागलं. या एका सोयीने प्रत्येक दृश्यामागे अडीच ते पाच दिवस वाचले. पडद्यावरचं चित्र एका रेघेनेही सुधारलं नव्हतं. सुधारली होती ती फक्त तालीम.

एक कच्चं चित्र काय करू शकतं, हे १९९३ च्या 'जुरासिक पार्क'च्या वेळी दिसलं. त्यातले धावणारे प्राणी बाहुल्या हलवून चित्रित करायचे ठरले होते आणि फिल टिपेट हे त्या कलेतले मुरलेले उस्ताद कामाला लागले होते. तेवढ्यात संगणक विभागातल्या स्टीव्ह विल्यम्स आणि मार्क डिप्पे यांनी टिरॅनोसॉरसचा नुसता हाडांचा सांगाडा चालवून पाहिला आणि निर्माते आले तेव्हा तो पडद्यावर फिरता ठेवला. कातडी नाही, रंग नाही, फक्त चाल. त्या चालीने सगळा बेत बदलला. टिपेट यांच्या आयुष्यभराच्या कलेवर संक्रांत आली. पण प्राण्याचं वजन कसं टाकायचं, तो थबकतो कसा, हे संगणकवाल्यांना कुठे ठाऊक होतं? म्हणून बाहुलीच्या सांध्यांना यंत्रं लावली गेली. जुना कारागीर बाहुली हलवी आणि संगणक ती हालचाल टिपून घेई. यंत्र जिंकलं, पण त्याला चालायला शिकवलं ते जुन्या हातांनीच.

त्याच काळात हे सारं छोट्या संगणकावर येऊ लागलं. १९९० साली ऑटोडेस्कचं 'थ्रीडी स्टुडिओ' आलं, १९९८ साली 'माया' आलं. 'माया'मध्ये 'प्लेब्लास्ट' नावाची एक आज्ञा आहे. पडद्यावर जे कच्चं दिसतंय तेच भराभर टिपून त्याची छोटी फिल्म करून देणं, एवढंच तिचं काम. पक्कं रेंडर नंतर, सवडीने. सवडीने म्हणजे किती? १९९५ च्या 'टॉय स्टोरी'ला यंत्रांच्या कामाचे सुमारे ८ लाख तास लागले, आणि त्यासाठी ११७ संगणक जोडलेले होते.

आपल्याकडे अर्थातच एकच संगणक, आणि तोही विजेच्या मर्जीवर. २००५-०६ च्या सुमाराचं भारनियमन आठवून बघा. भाचा रात्री रेंडर लावून झोपायचा आणि पहाटे वीज जायची. सगळी फिल्म एकाच फाइलमध्ये नोंदवायला घेतली असेल, तर ती अर्धवट फाइल उघडतच नसे, अख्खी रात्र वाया. मग तो आणि त्याचे सोबती एक गोष्ट शिकले. फिल्म म्हणून नोंदवायचंच नाही. प्रत्येक चौकट वेगळं चित्र म्हणून साठवायची, क्रमांक घालून. ७४० व्या चौकटीला वीज गेली, तरी ७३९ शाबूत. वीज आली की पुढे चालू, आणि सगळ्या चौकटी शेवटी एका माळेत ओवायच्या. जगभरचे जाणते लोकही असंच करतात. फाळक्यांनी एकेक चौकट साठवली होती ना, तिथेच आपण फिरून आलो.

खर्चाचा प्रश्न उरला होता. हौशी मुलाला असली महागडी सॉफ्टवेअर कुठून परवडणार? नेदरलँड्समधलं 'ब्लेंडर' हे सॉफ्टवेअर बनवणारी कंपनी २००२ साली बंद पडली, तेव्हा त्याचे कर्ते टॉन रोझेंडाल यांनी लोकांकडून वर्गणी मागितली. सात आठवड्यांत १ लाख युरो जमले आणि ते सॉफ्टवेअर सगळ्यांसाठी मोकळं झालं. २०१९ साली त्यात 'ईव्ही' नावाची सोय आली. तिच्यामुळे काम करत असतानाच ऊन-सावलीसह जवळजवळ पक्कं चित्र डोळ्यांसमोर दिसतं. लाटव्हिया या छोट्या देशातले गिन्ट्स झिलबालोडिस यांनी ब्लेंडरवर 'फ्लो' हा पुरात सापडलेल्या मांजराचा, एकही संवाद नसलेला चित्रपट केला आणि अंतिम चित्रंही 'ईव्ही'नेच काढली. २०२५ साली त्याला सर्वोत्तम ॲनिमेशनपटाचं ऑस्कर मिळालं. तालीम आणि प्रयोग यांच्यातला पडदाच गळून पडला. साठ वर्षांपूर्वी फिल्म धुऊन येईपर्यंत अंधारात बसणाऱ्यांना हे सांगितलं असतं, तर त्यांचा विश्वास बसला नसता.

मग आता तालमीची गरज संपली का? मला तसं वाटत नाही, आणि त्याचं कारण कलेपेक्षा व्यवहारात अधिक आहे. राखाडी ठोकळ्यांच्या प्रीव्ह्यूत आपलं लक्ष कुठे जातं? जिना अरुंद आहे, खिडकीसमोर शेजारची भिंत आहे, स्वयंपाकघरात दोन माणसं धडपणे वळू शकत नाहीत, यांवर. रेंडर केलेल्या फिल्ममध्ये लक्ष जातं ते कोवळ्या उन्हावर, कारंज्यावर आणि हिरवळीवर खेळणाऱ्या मुलांवर. जिना तोच असतो, तेवढाच अरुंद. कारागीर कच्चं बघतो, गिऱ्हाइकाला पक्कं दाखवलं जातं. आणि त्या पक्क्या मिनिटभरावर माणसं भविष्यनिर्वाह निधी काढतात, बायकोचे दागिने गहाण टाकतात, वीस वर्षांचं कर्ज उचलतात. २०१६ च्या रेरा कायद्याने जाहिरातीतल्या खोट्या माहितीमुळे नुकसान झाल्यास भरपाईची तरतूद केली, हे चांगलं झालं. पण कायदा नंतर येतो. डोळे आपल्याकडे आधीपासून असतात.

म्हणून कुणी तुम्हाला न बांधलेल्या घराची झगमगती फिल्म दाखवली, तर ती जरूर बघा, त्या पोरांची मेहनत खरी असते. मग शांतपणे म्हणा, 'साहेब, यातले रंग आणि ऊन काढून एकदा दाखवा.' कच्च्या टाक्यांचा कोट अंगावर चढवून बघायचा हक्क शिंप्यापेक्षा घालणाऱ्याचा मोठा आहे.